आठ एकर आगर

तिवरबेट,
१६ ऑक्टोबर १९५८

चि. रतन हीस,

आशीर्वाद मागाहून. आधी हे पत्र घेऊन विहिरीपाशी जा आणि एकटीने वाच. आईने विचारलं तर सांग, दादा खुशाल पोचला, घर बघितलं, बाकीचं आल्यावर बोलेल. यातलं पोचला आणि बघितलं एवढंच खरं आहे.

मे महिन्यात पेणला दादूमामांच्या घरी आपण घाईघाईने तुझा साखरपुडा उरकला, तेव्हाच मी म्हणत होतो की आधी मुलाचं घर बघू. पण पाऊस तोंडावर होता, बेटावर जाणाऱ्या होड्या बंद व्हायच्या होत्या, आणि दोन स्थळं परत गेल्यामुळे आईला दम नव्हता. मामांनी शब्द काय वापरला होता ते आठवतं ना? "मुलाचं बेटावर आठ एकर आगर आहे." आपण श्रीवर्धनची माणसं. आगर म्हटलं की आपल्यापुढे सुपारी, नारळ, मिरीचे वेल आणि पाटाचं थंड पाणी. चार महिने मी शाळेत फळ्यावर कुलाबा जिल्ह्याचा नकाशा काढताना या बेटावर हौसेने दोन माड काढत होतो. मुलांनाही सांगितलं, इथे माझी बहीण जाणार आहे.

रतन, इथे एकही माड नाही. सावली धरेल असं झाडच नाही, काठाची तिवराची झुडपं तेवढी आहेत. इकडे आगर म्हणजे मिठागर. आठ एकर चिखल.

बरं, मीठ तरी पांढरं शुभ्र दिसावं, तर तेही नाही. मीठ पिकतं पौषाच्या पुढे. आत्ता पाऊस गेलेला आहे आणि हंगाम आलेला नाही. हा मधला महिना बेटाची घाण काढण्याचा, आणि नेमका तोच मी पाहुणा म्हणून यायला निवडला. होडीतून उतरलो तो घोटाभर काळ्या तेलकट चिखलात. ओहोटी लागली की त्याला नासक्या अंड्याचा वास सुटतो. पहिला तासभर मला वाटत होतं की जवळपास काहीतरी मेलं आहे. बुधाजीला मी विचारलंही. तुझा होणारा नवरा शांतपणे म्हणाला, "न्हाय गुरुजी, ह्यो नेहमीचाच."

चार महिने आगरात साचलेलं पावसाचं पाणी आता सोडून देतात. त्यावर हिरवी साय धरलेली असते, तळाला मेलेले मासे असतात. तळाचा गाळ घमेल्यांनी उपसून बांधावर टाकतात, आणि मग घरातली सगळी माणसं ओळीने उभी राहून तो तळ पायांनी तुडवतात. घट्ट होईपर्यंत, दिवसचे दिवस. बुधाजीची आई सगुणाबाई साठीला आली आहे, तीसुद्धा लुगडं मांडीपर्यंत खोचून त्या ओळीत असते. तिच्या टाचा मी बघितल्या. भेगांत बोट जाईल, आणि आत काळं भरलेलं. संध्याकाळी ती त्यांना करंजेल चोळत बसते आणि मग उठून भाकऱ्या थापते. हात धुते, नाही असं नाही. कोणत्या पाण्याने धुते ते मी बघायला नको होतं. प्यायचं पाणी तळ्यातलं, फडक्यातून गाळलं की फडक्यावर वळवळ शिल्लक राहते. चहा खारट लागतो, साखर कितीही घाला.

काल माझ्या मानासाठी निवट्या धरून आणल्या. चिखलात पळणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर, अंग बुळबुळीत. राख लावून चोळलं तरी त्यांची तोंडं उघडझाप करत होती. कालवणात ते डोळे तसेच माझ्याकडे बघत होते. दोन घास खाल्ले आणि मागच्या दाराने जाऊन ओकून आलो. परत येऊन "छान झालंय" म्हणालो. सगुणाबाईने आणखी वाढलं.

मामांनी आपल्याला सरळसरळ फसवलं आहे. हे लग्न होणार नाही, तू निर्धास्त राहा. मी उद्याच निघणार होतो, पण होडीवाला म्हणतो की आता भरतीत जोर नाही, खाडीत होडी बेटापर्यंत येतच नाही. या दिवसांना इथे भांग म्हणतात. आता होडी कोजागिरीच्या उधाणाला. तोपर्यंत दहा दिवस मी या घाणीत. बुधाजी ओहोटीला चिखलातून चालत पलीकडच्या गावी जातो, त्याच्याजवळ हे पत्र टपालात टाकायला देतो आहे. तो कसा आहे म्हणशील, तर धट्टाकट्टा आहे, बोलतो कमी. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा,
हरेश्वर


श्रीवर्धन,
१९ ऑक्टोबर १९५८

ती. दादास नमस्कार,

तुझं पत्र विहिरीपाशी वाचता आलं नाही, कारण आज मी माडांना कुटीचं खत घालते आहे. माडाच्या आळ्यातच बसून वाचलं. शेजारी सडक्या मासळीच्या तीन टोपल्या होत्या आणि त्यावर माश्या.

तू कुटी कधी उचललेली नाहीस. तू आधी शाळेत होतास, मग ट्रेनिंग कॉलेजात, आणि आता गुरुजी झालास. मी दहा वर्षांची असल्यापासून ती टोपली डोक्यावरून वाहते. तिचा पाझर मानेवरून पाठीत उतरतो. त्या आठवड्यात केस कितीही धुतले तरी वास जात नाही. शेजारच्या सत्यवतीच्या लग्नाच्या पंगतीत तिची नणंद माझ्या शेजारचं पान सोडून उठून गेली होती, तू समोरच्या ओळीत जिलबी खात होतास. म्हणून तुझं पत्र वाचून मला तुझ्याएवढा धक्का बसला नाही. किळस मात्र आली. त्या निवट्यांच्या डोळ्यांचं वाचलं तेव्हा मी हातातलं खत खाली टाकलं. तसल्या जागी जन्म काढायचा हे मनात आणलं की अंगावर काटा येतो, तुझ्यापासून लपवत नाही.

पण मामांनी फसवलं हे तू कशावरून म्हणतोस? ते कितीतरी वर्षं पेणला राहतात. पेणला आगर म्हणजे मिठाचंच असणार. ते त्यांच्या शब्दात खरं बोलले, आपण आपल्या शब्दात ऐकलं.

आणि दुसरं. साखरपुड्याच्या दिवशी मी आतल्या खोलीत बसले होते आणि त्या खोलीचं दार पुरतं लागत नव्हतं. बुधाजींच्या वडिलांनी, धर्माजींनी, तुला विचारलं, "पोरीला आगराची सवय हाय का?" तू म्हणालास, "जन्म आगरातच गेला तिचा. दिवसभर पाय आगरात असतात." मला तेव्हा बरं वाटलं होतं, दादाने माझ्या कामाचं कधी नाव काढलं नव्हतं, ते चार माणसांत काढलं. आता कळतं की धर्माजींनाही बरं का वाटलं. त्यांना वाटलं असणार, चिखल तुडवायची सवय असलेली सून मिळाली. म्हणजे ते आपल्याला फसवत नव्हते, आपण दोघेही त्या एका शब्दात अडकलो. शाळेत एका शब्दाचे दोन अर्थ शिकवताना हा शब्द आता घे.

तू त्यांना हे सांगितलंस का? नसेल तर सांग. त्यांनाही ठरवू दे. पण मोडायचं की नाही याबद्दल मला विचारल्याशिवाय काही बोलू नकोस, एवढं माझं ऐक. मला चोविसावं लागलं आहे. हे मोडलं तर पुढे काय होईल ते तुझ्यापेक्षा मला जास्त भोगायचं आहे.

बुधाजी कसे आहेत ते तू दोन ओळींत उरकलंस. निवट्यांना त्याहून जास्त जागा दिलीस.

आईला तू खुशाल असल्याचं सांगितलं आहे.

तुझी,
रतन


तिवरबेट,
२२ ऑक्टोबर १९५८

चि. रतन,

अंतर्देशीय पत्रं भिजून लगदा झाली, हे एकच कार्ड उरलं होतं म्हणून यावर बारीक अक्षरात लिहितो. उघडं असलं तरी काळजी नाही, या घरात वाचणारं कोणी नाही. साखरपुड्याच्या यादीवर धर्माजीने अंगठा उठवला होता, मुलगा त्याच वळणाचा. मला पाणी बाधलं आहे, चार दिवस ताप आहे. सगुणाबाई कसलासा काढा देते, त्यालाही चिखलाचाच वास येतो. डोळे मिटून घेतो.

तू म्हणतेस सांगून टाक. सांगितलं तर शब्द माझा पडतो, कारण "जन्म आगरात" हे मीच बोललो. साखरपुडा आपण मोडला तर मामा तुटतील आणि चार गावांत बभ्रा होईल. तो त्यांनी मोडायला हवा. यावर मी विचार केला आहे. निघायच्या दिवशी धर्माजीला बाजूला घेऊन सांगणार, मुलीला लहानपणापासून फेफरं येतं, आम्ही लपवलं होतं, आता मन खातं. चहूकडे पाणी असलेल्या घरात फेफऱ्याची मुलगी कोण आणेल? ते आपणहून मोडतील आणि दयेपोटी गप्पही राहतील. तुझी इथून सुटका होईल. वर्षभरात लोक विसरतात. आईला यातलं काही सांगू नकोस.

हरेश्वर


तिवरबेट,
२३ ऑक्टोबर १९५८

रतनबाई यास बुधाजी धर्मा याचा नमस्कार.

माझा अक्षर वाईट हाय, संभालून घ्यावा. गोदीवर मिठाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिवता लिवता शिकलो. बाबा अंगठा उठवतात, मी न्हाय. साखरपुड्याच्या यादीवर सही करायला मला कोनी बोलावलाच नव्हता.

तुमच्या दादांनी काल एक कार्ड टाकायला दिला. चिखलातून जाताना कागद हातात उंच धरावा लागतो, त्यावर नजर पडली. एक ओल वाचली आनि मग थांबता आला न्हाय. दुसऱ्याचा कागद वाचला ही माझी चूक, ती मी कबूल करतो. कार्ड दडपून ठेवावा असा वाटला व्हता. पन तो तुमच्या नावाचा, म्हनून टाकतो. दोन्ही कागद तुमाला बरोबरच मिलतील.

फेफऱ्याचा त्यांना बोलू देऊ नका. आमच्या घरात केसरआत्या व्हती. तिच्या बाबतीत असाच कोनीतरी कायतरी बोलला, खरा खोटा कोनी बघितला न्हाय. तिला जन्मभर एकटीला होडीत बसू दिला न्हाय, चुलीजवल जाऊ दिला न्हाय. लगीन झाला न्हाय. मरताना ती माझ्या आईला सांगत व्हती, मला कायबी न्हाय गो. वर्सभरात लोक विसरतात हे दादा लिहितात, ते तसा न्हाय.

म्हनून मी ठरवला हाय. दादा गेले की बाबांना सांगनार, मलाच लगीन करायचा न्हाय. बापयाला लोक दोन दिवस नाव ठेवतात, मग कामाला लागतात. तुमच्यावर कायबी येनार न्हाय.

दादांचा राग धरू नका. शनिवारी पहाटे ते कोनाला न सांगता ओहोटीला चालत निघाले. वाट म्हाईत असली तर गुडघाभर चिखल, नसली तर मानूस जातो. ते कमरेपर्यंत गेले व्हते. मी फली टाकून त्यांना ओढला. छत्री, चपला, पिशवी सगला खाली गेला. आईनी त्यांना न्हाऊ घातला, ते रडत व्हते. तवापासून ताप हाय, पन आता उतरतो. त्यांनी हे तुमाला लिवला नसंल, मी लिवला ते सांगू नका.

त्यांनी आमच्या घराचा जो लिवला हाय ते खोटा न्हाय. वास हाय, पानी खारा हाय, आईच्या काढ्यालाबी चिखलाचा वास येतो. तुमचा आगर सुपारीचा हे मला कार्डावरून कलला न्हाय, पन दादा तापात सुपारी सुपारी बोलत व्हते, तवा ध्यानात आला. आमी समजलो व्हतो तुमी आमच्यासारख्या. मी सुपारीचा आगर कधी बघितला न्हाय.

उत्तर नको.

बुधाजी धर्मा


श्रीवर्धन,
३० ऑक्टोबर १९५८

बुधाजी यांस,

मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुम्ही उत्तर नको म्हणालात तरी लिहिते आहे.

तुमचं पत्र आणि ते कार्ड एकाच दिवशी हातात पडलं. आधी कार्ड वाचलं. बेटाच्या चिखलाबद्दल दादाने इतकं लिहिलं होतं, पण अशी किळस मला त्या पत्राने आली नव्हती. माझ्या सख्ख्या भावाने, मला काही होत नसताना, माझ्या तोंडाला फेस आणला आणि वर लिहिलं की तुझी सुटका होईल. दादा परवा घरी पोचला. फेफऱ्याचं तो तिथे बोलला नाही म्हणतो. त्याचा धीर झाला नाही की तुम्ही त्याला वडिलांजवळ एकटं सोडलं नाहीत, ते मला ठाऊक नाही. मी कार्ड त्याच्या पानाशेजारी ठेवलं आणि जे वाटलं ते तोंडावर सांगितलं. तो जेवता जेवता उठला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. चिखलात पडल्याचं मी त्याला विचारलेलं नाही, तुमचा शब्द राखला आहे.

तुम्ही मला वाचवायला निघालात याचे उपकार मी मानते. पण रागही आला आहे, तो लिहिते. दादाने मला न विचारता आजारी ठरवलं आणि तुम्ही मला न विचारता सोडून दिलंत. साखरपुड्याला मी आतल्या खोलीत होते, आताही तुम्ही दोघांनी मला आतल्याच खोलीत ठेवलं आहे.

मुलीकडच्यांनी घर बघायचा रिवाज आहे ना? मग मी मुलीकडचीच आहे. घर मी बघणार. अमावास्येनंतर भरती चांगली असते असं इथले खलाशी सांगतात. त्या भरतीला मी आणि माझी मनुबाईमावशी येतो, दादूमामा पेणहून बरोबर असतील. आई आधी रडली, मग म्हणाली जा. तोपर्यंत तुमच्या वडिलांना काहीही सांगू नका. आगर कोणतं आणि पाय कशात होते ते मी स्वतः त्यांना सांगेन. पसंत पडलं नाही तर नाही म्हणायलाही मला येतं.

पाहुणचार काही नको. निवट्या तर नकोतच.

रतन


तिवरबेट,
भाऊबीज, १९५८

ती. दादास नमस्कार,

आज तुला ओवाळायला मी तिथे नाही. रागाने नाही, भरती आजची होती म्हणून परवाच निघावं लागलं. राग आहे, तो वेगळा. पण एक गोष्ट तुला लिहायलाच हवी, तू त्या पहिल्या पत्रात एकही शब्द वाढवून लिहिला नव्हतास. उलट काही गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या. इथे रांजणाच्या तळाशी गोगलगायी असतात. अंथरुणाला, उशीला, कपड्यांना, सगळ्याला एक ओलसर चिकटपणा आहे, हात लावला की हात पुसावासा वाटतो आणि पुसायला कोरडं काही नसतं. मनुबाईमावशीने होडीतून उतरल्यापासून नाकावरचा पदर काढलेला नाही, जेवतानाही नाही, पदराखालून घास घेते. सगुणाबाईंनी चहा दिला. मी पहिला घोट घेतला आणि दुसरा घेववेना. त्या समोर बसून बघत होत्या. मला लाज वाटली, पण गिळता आलं नाही ते नाहीच.

धर्माजींना मी पोचल्या पोचल्या सांगितलं. आमच्याकडे आगर म्हणजे सुपारीचं, माझे पाय पाटाच्या गोड्या पाण्यात असायचे, चिखलात नाही. दादाने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, पण खरं तुम्हाला पोचलं नाही. ते म्हणाले, "म्हंजी सुपारी?" एवढंच. नंतर कळलं की यंदा सुनेचे पाय आगरात पडणार म्हणून त्यांनी पलीकडच्या गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते घमेलं उचलून निघून गेले. मला फार वाईट वाटलं, आणि मामा तर मान वर करायला तयार नव्हते.

मग मीच म्हटलं, तुडवणी चालू आहे तर मी उतरते. मावशी नको नको म्हणत राहिली. मी साडी खोचली आणि ओळीत जाऊन उभी राहिले, एका बाजूला सगुणाबाई, दुसऱ्या बाजूला कामावरची एक बाई. दादा, तो चिखल वरून तापलेला आणि खालून गार असतो. बोटांच्या फटींतून वर येतो. दहा पावलं मी टाकली असतील. मग माझ्या टाचेखाली काहीतरी मऊ फुटलं आणि त्याचा वास थेट तोंडात आला. मेलेला खेकडा असावा. मी कशीबशी बांधावर चढले आणि सगळ्यांच्या देखत ओकले. पोटात काही उरलं नाही तरी उबळ थांबेना. सगुणाबाई तुडवायच्या थांबल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मनात म्हटलं, झालं, हे आपल्याच्याने होणार नाही, आता उठायचं आणि तोंड धुऊन नाही म्हणून सांगायचं.

बुधाजी तांब्या घेऊन आले. त्यांनी तो हातभर अंतरावर ठेवला आणि बांधावर बसले. विचारलं, "किलस आली?"

खोटं बोलायचं माझ्यात त्राण नव्हतं. आली म्हटलं. आता हे म्हणतील की सवय होईल. कुटीच्या टोपलीखाली तेरा वर्षं मी ते ऐकते आहे, आईकडून, शेजारणींकडून, एकदा तुझ्याकडूनही. ती सवय मला अजून झालेली नाही. प्रत्येक वेळी टोपली उचलताना मला किळस येतेच, आणि हे बोलायची सोय नाही, कारण बोललं की काम नको आहे असा अर्थ होतो. मी मान खाली घालून ते वाक्य यायची वाट बघत होते.

ते म्हणाले, "मलाबी येते. रोज सकाली, पयला पाय घालताना. अठ्ठावीस वर्सां झाली. घरात कोनाला बोललो न्हाय, कोनी इचारलाच न्हाय."

हे त्यांनी आपल्या पायांकडे बघत सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. मला हसू आलं, मग मी त्यांना कुटीचं सांगितलं. पंगतीतून उठून गेलेल्या नणंदेचंही सांगितलं. त्यांनी मला सांगितलं की निवट्या ते स्वतः खात नाहीत, लहानपणापासून ताटाखाली लपवत आले आहेत आणि आईला ते अजून माहीत नाही. उन्हं चढेपर्यंत आम्ही त्या बांधावर बसून कशाची किती किळस येते तेवढंच बोलत होतो. मामा दोनदा लांबून बघून गेले. आजवर माझ्याशी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि मीही कोणाशी बोलले नव्हते.

चिखल चांगला लागेल असं मला वाटत नाही. पाणी गोड होणार नाही, सगुणाबाईंच्या टाचा भरून येणार नाहीत आणि माझ्याही एक दिवस तशाच होतील, हे मी बघून घेतलं आहे. मला कोणी फसवलेलं नाही, हे तू लक्षात ठेव, आणि मामांनाही बोल लावू नकोस.

मावशीने हाक मारली तेव्हा मी उठले. माझे पाय अजून काळेच होते. उठता उठता मी त्यांना म्हटलं, माघातली तिथी धरा. आईलाही तसंच सांग.

तुझी,
रतन